कोकमाची बिअर

पातेल्यात मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं मॉल्ट उकळू लागलं, की भाजलेल्या सातूसारखा गोडसर वास घरभर पसरतो आणि मला अमेरिकेतल्या शॉमबर्गमधलं एका मित्राचं गराज आठवतं, जिथे घरी बिअर करणारी आमची मराठी मंडळी एकमेकांच्या बाटल्या चाखायला जमायची. त्या शनिवारी बाहेर बर्फ पडत होता, आत हीटर घरघरत होता, आणि माझ्या कोकमाच्या बिअरचा गुलाबी फेस बघून सगळ्यांनी ग्लास पुढे केले. मित्राच्या काकांनी दोन घोट घेतले आणि माझ्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, "वा, झकास जमलीय तुला!" "मी नाही काका, हिने केलीय," तो म्हणाला. काकांनी ग्लास टेबलावर ठेवला. "आता आपल्या घरातल्या बायका दारू गाळणार?" "जाऊ दे ना यार," नवरा माझ्या कानात पुटपुटला, पण मी जाऊ दिलं नाही. "गाळलेली नाही काका, आंबवलेली आहे," मी म्हणाले, "आणि मघाशी तुम्हाला आवडली होती." मग त्यांच्यासमोरच माझा ग्लास काठोकाठ भरला आणि सावकाश, चवीने संपवला. त्यानंतर त्यांच्याकडून गणपतीचं बोलावणं कधी आलं नाही. मी मात्र यंदा मोठं पातेलं घेतलंय.