तिसऱ्या रांगेतली खबरी

साउंडकाका माझ्या प्रत्येक कार्यक्रमात माझ्याकडे पाठ करून बसायचे. बाकीचे साउंडवाले गाणाऱ्याकडे बघतात. काका मिक्सरचं टेबल उलटं लावायचे आणि तोंड लोकांकडे करायचे. पहिल्यांदा मला तो अपमान वाटला. मी नुकताच स्वतः लिहिलेलं, स्वतः चाल लावलेलं गाणं स्वतःच इंटरनेटवर चढवून कवी, संगीतकार आणि गायक असा एकदम तिहेरी झालो होतो. त्या गाण्याचे श्रोतेही तीनच होते: मी, बायको आणि बायकोचा ऑफिसचा फोन.

"झिला, माका गाण्यातला काय कळणा नाय," काका म्हणाले. "माका खुर्चेतला कळता."

भांडुपच्या टेकडीवर आमच्याच ओळीत, चार दारं सोडून ते राहायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी दोन काळे स्पीकर घेतले आणि आसपासच्या निम्म्या पूजा, हळदी आणि साखरपुडे त्यांवर वाजवले. त्या सगळ्यातून त्यांनी एकच शास्त्र काढलं होतं. टाळ्या खोट्या असतात, 'वा वा' तर त्याहून खोटं. माणूस कंटाळला की आधी बूड हलतं. म्हणून ते स्पीकरांबरोबर एक लोखंडी घडीची खुर्ची कायम घेऊन फिरत. तिचा एक सांधा इतका ढिला होता की बसणाऱ्याने नुसता पाय बदलला तरी ती कर्र करायची. तिचं नाव खबरी. ती तिसऱ्या रांगेत लागायची आणि तिच्यावर सभागृहातला सर्वांत चुळबुळ्या माणूस बसवला जायचा. तो माणूस हेरणं ही काकांची खरी कला.

काकांचं न ऐकल्याने माझी जी वाट लागली, ती नाहूरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये. वार्षिक पूजेचा कार्यक्रम होता. मला तिथे 'पायऱ्या' हे नवं गाणं पहिल्यांदा लोकांसमोर गायचं होतं. आई पाण्याचे हंडे घेऊन आमची टेकडी चढायची, त्या पायऱ्यांचं गाणं. ते लोकांनी बसून ऐकलं तर पुढे स्वतःचीच गाणी करायची, नाहीतर गप लग्नांच्या ऑर्केस्ट्रात जायचं, असं मी बायकोला सांगून निघालो होतो.

सेक्रेटरीबाई दारातच म्हणाल्या, "तुमची स्वतःची दोनच हं. मग लोकांना आवडतील अशी घ्या."

मी लॅपटॉपवर ट्रॅक तयार करून नेला होता. त्याच्या एका बाजूला ढोलकी आणि बासरी. दुसऱ्या बाजूला ताल चुकू नये म्हणून टकटक आणि मधून मधून मीच मला दिलेल्या सूचना. ही दुसरी बाजू फक्त माझ्या कानात वाजायची होती.

काकांनी वायर बघितली आणि आपल्या मिक्सरवर टिचकी मारली. "ह्यो माझो डबो जुनो आसा. दोनी बाजू एकत्र वाजतले हां."

"काका, हे प्रोफेशनल सेटिंग आहे. तुम्ही हात लावू नका ना."

काकांनी दोन्ही हात वर केले आणि उलटे फिरून बसले.

मग दोन्ही स्पीकरांतून टक टक टक सुरू झालं. लोकांना तो ताल वाटला आणि त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. तेवढ्यात माझाच आवाज सबंध हॉलमध्ये घुमला: "आता सुरू कर. घाई नको." लोक बावरले. मी पहिली ओळ गायली. स्पीकर म्हणाला, "इथे डोळे मीट." आणि सरावाचा परिणाम असा की मी खरंच मिटले.

सगळा हॉल हसत सुटला. खबरीवर काकांनी एका निवृत्त बँकवाल्या आजोबांना बसवलं होतं. त्यांना दर मिनिटाला घड्याळ बघायची सवय. ते हसून इतके हलत होते की खबरी गाढवासारखी ओरडत होती.

काका उठले, त्यांनी वायर उपटली आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तो शाणो गेलो. आता तू गा."

दुसरा इलाज नव्हता. नुसत्या गिटारवर गायलो. डोळे उघडे ठेवले, कारण मिटायची लाज वाटत होती. त्यामुळे मला पहिल्यांदाच काका काय बघतात ते दिसलं: समोरची माणसं. पहिल्या कडव्यात हसणं विरलं. आजोबांचा हात घड्याळाकडे गेला आणि वाटेतच थांबला.

नंतर वायरी गुंडाळताना काका म्हणाले, "झकास. फक्त दुसऱ्या कडव्याक आजोबा हलले. ता काप."

मी कापलं नाही. ते कडवं माझ्या मते सर्वांत काव्यमय होतं. ऑर्केस्ट्रात मात्र गेलो नाही.

पुढे मला वर्सोव्याच्या एका कॅफेत बोलावणं आलं. काका पाहुणे म्हणून आले. तिथे लोक जमिनीवर गाद्यांवर लोळत होते. काका अस्वस्थ झाले. "ह्या गादयेर माणूस कंटाळलो तरी आवाज नाय. तुका कळतला कसा रे?" लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मी घरी येईपर्यंत काळजीत होतो.

गुडघे बोलायला लागले तेव्हा काका कुडाळजवळच्या गावी परत गेले. स्पीकर त्यांनी भावकीत दिले. खबरी मात्र टेम्पोत सर्वांत वर, दोरीने बांधलेली. मी ती मागितली.

"तुका दिलंय तर तूच तिच्यार बसतलंस," काका म्हणाले. "आणि सोताच्या गाण्याक तू कधी हलूचस नाय."

तेव्हापासून प्रत्येक नवं गाणं लोकांसमोर येण्याआधी कुडाळला जातं. उत्तर म्हणून एक व्हॉइस नोट येते. तीत काका एक शब्द बोलत नाहीत. काकी लांबून कुणाला तरी ओरडत असतात, त्यांच्या फोनवर माझं गाणं वाजत असतं, आणि खबरी.

गेल्या महिन्यातल्या गाण्यात ती दुसऱ्या कडव्याला वाजली. कर्र. मी हेडफोन लावून तीनदा ऐकलं आणि फोन केला. "काका, ती कोंबडी होती का?"

"कोंबडी परसात आसा. खुर्चेर मी बसलंय."

बायको शेजारून म्हणाली, "कापून टाक ना यार. नाहूरपासून प्रत्येक गाण्यात तेच एक कडवं गातोयस तू."

कापलं. छोटं झालेलं गाणं परत पाठवलं. संध्याकाळी उत्तर आलं. गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजलं, खबरी गप. गाणं संपल्यावरही बराच वेळ काही नाही, नुसता माडांतला वारा. आणि मग एकदाच, कर्र.

काका उठले होते.