पाच निळे शेले

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं सूतगिरणीत काढली, आणि सूत म्हणजे काय ते मी पुण्याच्या एका कार्यशाळेत दोन दिवसांत शिकून आले. (चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्रासह.)

आप्पांचं काम यंत्रावर तुटलेले धागे जोडायचं. कापूस पिंजायचा, त्याची सैल वात म्हणजे पेळू करायचा, पेळू ओढून बारीक करायचा, मग पीळ द्यायचा, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून रोज जायचं. त्या यंत्रांच्या आवाजानं त्यांचे कान गेले. आई वारल्यावर ते कोल्हापुरात माझ्याकडे राहायला आले. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून आम्ही फार बोलत नसू. मी शाळेत शिक्षिका. दिवसभर वर्गात ओरडून आलेल्या बाईला घरी पुन्हा ओरडायचं जिवावर येतं, असं कारण मी स्वतःला देत असे. ते मला पटतही असे.

तशात अक्काच्या मुलीचा साखरपुडा ठरला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गडहिंग्लजला दिलेली. फोनवर म्हणाली, "पावण्यांच्या मानपानाला टॉवेल-टोपी आणली की झालं."

"टॉवेल? मी स्वतः सूत रंगवून शेले विणते. पाच मानकऱ्यांना पाच."

"येतंय व्हय तुला?"

"प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

इचलकरंजीहून पांढऱ्या सुताचे कोन आणले. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्यांच्या लड्या केल्या आणि पाण्याच्या बादलीत टाकल्या. लड्या तरंगायला लागल्या. खाली दाबल्या की पुन्हा वर. आप्पा मागच्या दारात पायरीवर बसून बघत होते.

"भिजंना व्हय?"

"भिजेल."

"न्हाय भिजायचं. कापसाच्या अंगाला मेण असतंय. आधी सोडा टाकून उकळून काढ, मग पाणी पितंय ते."

"आप्पा, मी कोर्स केलाय," मी ओरडून सांगितलं. हे वाक्य त्यांना एका फटक्यात ऐकू गेलं.

मग मी पुण्याहून आणलेली निळ्या रंगाची पूड पातेल्यात उकळली, वरून व्हिनेगर ओतलं आणि लड्या आत सोडल्या. घरभर असा वास सुटला की आमच्या ह्यांनी शेजारी जाऊन पेपर वाचला. आप्पा मात्र पातेल्याजवळ आले.

"आंबट कशापायी घातलंस?"

"त्यानं रंग पक्का होतो," मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"तिथं कशावर केलंतं हे?"

"लोकरीवर."

आप्पांनी पातेल्यात डोकावून बघितलं. मग म्हणाले, "लोकर म्हंजे जनावराचा केस. कापूस झाडाचा. ह्याला चालतंय ते त्याला चालत न्हाय, पोरी. ह्यो रंग वरवर बसंल, आत धरायचा न्हाय."

"शिकवणाऱ्या बाई परदेशात शिकून आल्यात."

"असतील की," म्हणून ते पुन्हा पायरीवर जाऊन बसले.

रंगवलेल्या लड्या धुवायला घेतल्या तर पाणी निळं. दुसऱ्यांदा निळं. तिसऱ्यांदा धुवायचं मी टाळलं, कारण एवढा महागाचा रंग मोरीत जात होता. शिवाय लड्यांना जागोजागी दोऱ्याच्या सैल गाठी मारायच्या असतात, हे मी विसरले होते. (प्रमाणपत्रावर ते लिहिलेलं नव्हतं.) सकाळी बघते तर पाच लड्यांचा मिळून एक निळा गठ्ठा झालेला. मी कात्री काढली.

"कात्री लावू नगंस," आप्पा म्हणाले. "टोक असतंय कुठंतरी."

तीन दिवस ते गॅलरीत बसून तो गुंता सोडवत होते. टोक हुडकायचं, चार बोटं मोकळं करायचं, तुटलं तर थुंकी लावून दोन बोटांत असं वळायचं की जोड सापडू नये. तिसऱ्या दिवशी त्यांची दाही बोटं निळी झाली होती. ती मी बघितली. रंग सुटतोय असं एखाद्या शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं असतं. मी असा निष्कर्ष काढला की आप्पांच्या हातांना घाम फार येतो.

साखरपुड्याच्या आदल्या दिवसापर्यंत आप्पा धागा चौपदरी करून देत होते आणि मी क्रोशानं पाच शेले विणत होते; माझी बोटं मी रोज लिंबानं घासून घेई. दिसायला देखणे झाले, हे मान्य करायला हवं.

साखरपुडा मे महिन्यात, पत्र्याच्या हॉलमध्ये. मुलाकडचे वारणेकडचे. मुलाचे वडील, काका, मामा असे पाच मानकरी, पाचही जण कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मी प्रत्येकाच्या गळ्यात शेला घातला आणि माईकवरून सांगितलं की हे घरी रंगवलेलं सूत आहे. टाळ्या पडल्या. अर्ध्या तासात घाम सुटला. मुलाच्या वडिलांची कॉलर आधी निळी झाली, मग मान, मग छाती. काकांनी तर शेल्यानंच तोंड पुसलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

"कुणी रंगवलंय हे?" काकांनी शेला वर धरून विचारलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आप्पा उभे राहिले होते.

"मी रंगवलं, पावणं. म्हातारपणी हौस केली. चुकलं." आणि त्यांनी आपले दोन्ही निळे हात वर करून दाखवले.

अक्का माझ्या कानाशी आली. "तू आप्पांना लावलंस व्हय कामाला?"

मी मान हलवली. आडवी की उभी, ते मला आजही सांगता येणार नाही.

"एकतीस वर्षं गिरणीत हुता म्हणं की," काका म्हणाले, "आनि सुताला रंग लावता येईना?"

सगळा हॉल हसला. साखरपुडा मोडला नाही, जेवणं झाली, पोरगी सुखात आहे. ज्या एका गोष्टीतलं आप्पांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, त्याच गोष्टीवरून चारशे माणसं त्यांना हसली. त्यांना ऐकू गेलं नसेल, असं मी धरून चालले. हसणारी तोंडं बघायला कान लागत नाहीत, हे मी धरलं नाही.

परतताना गाडीत मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "आप्पा, चुकलं माझं."

"काय?"

पुढे ड्रायव्हर होता. "काही नाही. पाणी देऊ का?"

पुढच्या रविवारी त्यांनी देवघरातला वातीचा कापूस आणला आणि मला समोर बसवलं. "नुसता पीळ घालायचा न्हाय. वढत वढत घालायचा. लई वढलं तर तुटतंय, लई पिळलं तर गोळा हुतंय." माझा धागा वितीवर तुटायचा. ते जोडून परत माझ्या हातात द्यायचे. अर्ध्या तासात मला जे कळलं ते त्यांना विचारायला मला पंचेचाळीस वर्षं लागली, आणि विचारलंही मी नव्हतंच, त्यांनीच दाखवलं. तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. गाडीतलं वाक्य मोठ्यानं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आप्पा गेले. तेराव्याच्या पंगतीत मुलाच्या काकांनी शेल्यांची गोष्ट काढली आणि माणसं जेवता जेवता हसायला लागली. मी वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि वर्गातल्या आवाजात सांगितलं, "ते शेले मी रंगवले होते. आप्पांनी मला पहिल्यापासून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

 मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले.

"बघा," ते म्हणाले. "बापाच्या माघारी त्याची चूक आपल्या अंगावर घेती. लेक असावी तर अशी."

अक्का माझ्या गळ्यात पडून रडली. त्यानंतर मी हे दहा जणांना शपथेवर सांगितलं. दर खेपेला माझा चांगुलपणा वाढतच गेला. गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं 'आदर्श कन्या' म्हणून माझा सत्कार ठेवला. खरं काय ते एकदाचं सांगून टाकावं म्हणून मी माईक हातात घेतला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. बायका म्हणाल्या, बाई बोलल्या मात्र फार छान.