टीव्हीकडे पाठ

फ्रिस्को शहरातल्या डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये कार्टून लागलं होतं. आईला घेऊन आलेले पन्नाशीचे एक गृहस्थ टीव्हीकडे पाठ करून मुलांचे चेहरे बघत होते. मुलं हसली नाहीत की ते तोंड वाकडं करायचे. मला ते खटकलं. मी विचारलं, "काय बघताय?"

"शो माझाच आहे. जोक लिहितो, प्रोड्यूसही करतो. कुठला जोक पडतोय ते इथे कळतं."

तेवढ्यात कार्टूनमधला हत्ती स्वतःच्याच शिंकेला घाबरून कपाटात लपला. सगळी मुलं खदखदून हसली, दात काढायच्या भीतीनं रडणारी माझी मुलगीसुद्धा.

"हा जोक फालतू म्हणून मी कट करत होतो," ते म्हणाले. "टीम भांडली, म्हणून राहिला."

मग खुर्ची वळवून ते पहिल्यांदाच टीव्ही बघू लागले.