भटूचा यजमान

आधार नानांचा चुलत पुतण्या भटू दीपनगर वीजकेंद्राच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये 'चार दिवसांसाठी' आला, तेव्हा त्याच्याजवळ एक पिशवी आणि अळ्यांच्या बरण्यांनी भरलेली लाकडी पेटी होती. गांधीलमाशी अळीच्या अंगात अंडी घालते, त्यावर तो पीएच.डी. करत होता. राहायला फुकट क्वार्टर, जेवायला नानांच्या हातची भाकर. नाना एकटे, बायको गेलेली, मूलबाळ नाही. मी शेजारी, मला तो पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचा.

नानांचे गुडघे कामातून गेले होते. मुदतीआधी नोकरी सोडून धुळ्याकडच्या आपल्या गावी, थोरल्या भावाजवळ जायचं, एवढीच त्यांची इच्छा. पण नोकरी सुटली की क्वार्टर सुटतं, हे भटूला पक्कं ठाऊक. मग काय, रोज सकाळी आवळ्याचा रस, बिडी बंद, रात्री गुडघ्यांना तेल. "नाना, अजून धडधाकट आहात, नोकरी कशाला सोडता?" कॉलनी म्हणायची, पुतण्या असावा तर असा.

एकदा माझ्या ओट्यावर भटूने मला आणि नानांना अळीची हकीकत सांगितली. "पिल्लं आत वाढायला लागली की अळीच्या अंगात प्राणवायूचाच जणू गंज चढतो. तो हाताबाहेर गेला तर अळी मरेल आणि पिल्लंही. म्हणून माशी अंड्यांबरोबर असं काही टोचते की गंज आटोक्यात राहतो. अळी टवटवीत दिसते. पिल्लांचं काम होईपर्यंत."

"आणि मग?"

"पिल्लं बाहेर पडून कोश विणतात. अळी थोडे दिवस जगते, पण पानाकडे फिरकत नाही. कोशांची राखण करत बसते."

"अशा अळीला तुमच्या शास्त्रात म्हणतात काय?"

"यजमान."

नाना खूश झाले. "मंग मी बी तुना यजमान शे," म्हणाले. भटू उठून रस आणायला गेला.

प्रबंध झाला, भटूला धुळ्याच्या कॉलेजात नोकरी लागली. पेटी मागाहून नेतो म्हणाला आणि गेला तो गेलाच. नानांचा थोरला भाऊ मधल्या काळात वारला होता. नाना पूर्ण मुदत भरून निवृत्त झाले, तेव्हा गावी त्यांची वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. आवळ्याचा रस तर केव्हाच बंद झाला होता.

क्वार्टर सोडायच्या दिवशी मी टेम्पो बोलावला. खाट गेली, भांडी गेली. नाना मात्र पेटीवर बसलेले. आतल्या अळ्या कधीच मेल्या होत्या, बरण्या रिकाम्या होत्या.

"नाना, उठा आता."

"या पेटीले हात नका लावा. भटू लेवाले ई जाई. मी गऊ तर त्याले कोन देई?"

मला भटूचा संताप आला आणि तो न्यायला येईल म्हणून बसलेल्या नानांचा त्याहून जास्त. टेम्पोवाल्याला उद्या ये म्हणून सांगितलं.