टेरेस जागेवर हाय

आमच्या भूशास्त्र विभागात दगडांना कपाटं पुरत नाहीत, किश्श्यांचं तर विचारूच नका. चहाला बसलो की कुणीतरी एक उकरून काढतोच. आम्ही हसतो खरे, पण भूकंपाचं नाव निघालं की माझी नजर अजून दाराकडे जाते.

लातूरच्या मोठ्या भूकंपानंतर काही वर्षं आम्ही मांजरा नदीच्या काठाने हिंडत होतो. जमीन वर उचलली गेली की नदी खोल कापत जाते आणि तिचं जुनं पात्र काठावर पायरीसारखं उंच राहतं. त्या पायरीला आम्ही टेरेस म्हणतो. जमीन पूर्वी कधी हलली होती, हे तिच्यातल्या वाळूवरून कळतं.

आम्ही तिघं. विभागप्रमुख गायकवाड सर, मी आणि जीपचे ड्रायव्हर सत्तारभाई. भाई देगलूरचे. त्यांची मुलगी नसरीन डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला होती. होस्टेलची खोली चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या अगदी खाली. भाईंचा जीव कायम तिथे टांगलेला. सर म्हणायचे, "भाई, उगाच घाबरता."

*

शिरूर अनंतपाळजवळ सर काठावरून ओरडले, "अरे, टेरेस उचलली गेलीय!" आनंदाने ओरडले होते. जीपमध्ये डुलक्या घेणाऱ्या भाईंनी तेवढंच ऐकलं आणि गाडी सुसाट सोडली. आम्ही हातोड्या घेऊन उन्हात बसलो. तीन-चार तासांनी भाई आले, चेहरा पांढराफटक.

"टेरेस जागेवर हाय, साहेब. पोरगीबी हाय."

*

एका गावाशेजारी आम्ही चर खणायला घेतला. संध्याकाळपर्यंत गावाने बाजा अंगणात काढल्या! भूकंपवाले आले म्हणजे मागोमाग भूकंप येणार, अशी समजूत. सरांनी समजावलं, आम्ही जुन्या भूकंपाचा माग काढतोय. चहा घेऊन आलेली म्हातारी म्हणाली, "जुना म्हंजी वाट ठाव असलेला न्हवं?"

 

*

नसरीनच्या क्लासखाली एकदा जनरेटर सुरू झाला आणि बाकं थरथरली. बाहेरगावच्या मुली फळ्यावरचं उतरवत बसल्या, लातूरच्या मुली क्षणात मैदानात. शिकवणारे सरही लातूरचेच. मुली पोचल्या तेव्हा ते खडू घेऊन आधीच तिथे उभे होते.

नसरीनने हे हसत सांगितलं. भाई हसले नाहीत. त्यांनी विचारलं, तू कुठे होतीस? ती म्हणाली, "उतरवत होते, अब्बा."

*

टेरेसची वाळू उजेड लागू न देता नळ्यांत भरून प्रयोगशाळेत पाठवली होती; उजेड लागला की तिचं वय काढता येत नाही. उत्तर यायला वर्ष गेलं. आम्ही मुखेडला निघालो होतो, तेवढ्यात शिपायाने फाटकात पाकीट आणून दिलं. सरांनी पुढच्या सीटवर बसून ते वाचलं. पुन्हा वाचलं. भूकंप किती जुना निघाला, असं मी विचारलं. "वाटला तेवढा जुना नाही," म्हणत त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

"भाई, मुखेड राहू द्या. आधी लातूर घ्या. नसरीनला खालच्या मजल्यावर खोली बघू."