चार सम्राटांचं साल

लग्नानंतर चौदा वर्षांनी मी बी.ए.ला नाव घातलं. गोंदियाच्या अभ्यासकेंद्रात तोंडी परीक्षेच्या चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा मला विषय आला: रोमचं इसवी सन एकोणसत्तर. त्या एका वर्षात तिथं चार सम्राट झाले. पहिल्याला त्याच्याच शिपायांनी भर चौकात मारलं. दुसऱ्यानं लढाई हरल्यावर, आणखी माणसं मरू नयेत म्हणून, स्वतःलाच संपवलं. तिसऱ्याला राजधानीत ठार केलं. चौथा टिकला.

सगळं पाठ होतं, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी वाक्य अर्ध्यातच सोडायचे.

रोवणीचे दिवस होते. गोरेगावजवळच्या आमच्या बांधीत आम्ही सात-आठ बायका चिखलात वाकून धान लावत होतो. शेजारी थोरली जाऊ. सातवीत शाळा सुटलेली, बोलायला रोखठोक. माझे ओठ हलताना पाहून म्हणाली, "काय पुटपुटून रायली वं? मोठ्यानं सांग ना!"

मग सांगितलं. हात चालू, कान माझ्याकडे. दुसऱ्या सम्राटापाशी कुणीतरी हळहळलंही. गोष्ट संपली तशी जाऊ कंबर धरून उभी राहिली.

"राजे मेले, समजलं. पण त्या साली लोकायनं खाल्लं काय?"

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं. लढायांच्या नादात एक परिच्छेद मी नुसता चाळला होता. रोमचं बरंचसं धान्य इजिप्तहून जहाजांनी यायचं, आणि इजिप्त चौथ्याच्या ताब्यात होतं. वर्ष सरल्यावर त्याची जहाजं पोचली, तेव्हा कोठारात जेमतेम दहा दिवसांचं धान्य उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी बांधीत हे सांगितलं. जाऊ म्हणाली, "मंग टिकन नाही तं काय!"

परीक्षेत पहिलंच वाक्य अडखळलं. मग मी जावेचाच प्रश्न मोठ्यानं विचारला, "त्या वर्षी लोकांनी खाल्लं काय?" आणि पुढचं आपसूक येत गेलं. परीक्षा घेणाऱ्या मॅडमनी पेन खाली ठेवला.

"हा प्रश्न कुठून सुचला?"

"शेतात, माझ्या जावेनं विचारला."

"त्यांनाही शिकवा मग."

घरी हे सांगितल्यावर जाऊ हसली. "या वयात?" पण आठवड्याभरानं भाकरी थापता थापता तिनंच विचारलं, "दहावीचा फारम कधी निघते वं?"

यंदा तिनं बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. इतिहासाची तिला धास्ती नाही. गणित मात्र आम्ही दोघी रोज संध्याकाळी ओसरीवर बसून सोडवतो, आणि दोघींचंही चुकतं.