अकरा एक्क्यांची संख्या

कुंभकोणमच्या पोस्टातले ते कारकून आमचे शेजारी. रोज संध्याकाळी दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसून ते ओळीनं अकरा एक्के लिहीत, ती संख्या एकेका मूळ संख्येनं भागत, धोतराच्या सोग्यानं पाटी पुसत आणि मला सांगत, "आजही बाकी उरली, सार."

मी कॉलेजात गणित शिकवायचो. ती २१६४९नं भागली जाते, हे मला ठाऊक होतं. त्यांचा आनंद जाईल म्हणून बोललो नाही.

एकोणीस हजारांपाशी पोचले आणि त्यांनी अंथरूण धरलं. "इतकी वर्षं फुकट गेली, सार. ती भागतच नसणार."

मला राहवेना. मी आकडा सांगितला. त्यांचे डोळे चमकले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हांस केव्हापासून ठाऊक?"

"पहिल्यापासून."

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. पुढे महिनाभर ते जगले, पण माझ्याशी बोलले नाहीत.